ज्वालामुखी उद्रेकांचे उपग्रहीय निरीक्षण (भारत)

ज्वालामुखी उद्रेकांचे उपग्रहीय निरीक्षण म्हणजे ज्वालामुखीची उष्णता, राख, वायू आणि भूपृष्ठाची हालचाल यांवर कृत्रिम उपग्रहांद्वारे ठेवली जाणारी देखरेख होय. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील निर्जन बॅरन बेटावर असल्याने तेथील नियमित निरीक्षणासाठी उपग्रहांचा मोठा आधार घ्यावा लागतो.

वऱ्हाडाशी संबंध

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार परिसराच्या काळ्या जमिनीचे मूळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकात आहे. ते ज्वालामुखीकार्य केव्हाच थांबले असल्याने येथे स्थानिक उद्रेकाचा धोका नाही. मात्र दूरदेशीच्या ज्वालामुखीची राख वाऱ्याबरोबर भारताच्या आकाशात येऊ शकते.

२०२५ मधील घटना

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. सुमारे १४ किमी उंचीपर्यंत गेलेली राख तांबडा समुद्र व अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी रात्री ४,००० किमीहून अधिक अंतरावरील दिल्लीपर्यंत पोहोचली. एअर इंडिया व अकासा एअर यांनी काही उड्डाणे रद्द केली. राख विमानाच्या इंजिनात वितळून चिकटते व इंजिन बंद पाडू शकते. १९८२ मध्ये इंडोनेशियातील गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने बंद पडली होती.

कार्यपद्धती

इन्सॅट मालिकेतील भूस्थिर उपग्रह सुमारे १०.८ व १२ मायक्रॉन या दोन अवरक्त तरंगलांबींवर तापमान मोजतात. त्यांतील फरकावरून राख आणि साधे ढग वेगळे ओळखता येतात. सेंटिनेल-५पी उपग्रह सल्फर डायऑक्साइड मोजतो. ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेला निसार हा उपग्रह रडारद्वारे जमिनीचा सूक्ष्म फुगवटा टिपू शकतो.

मर्यादा

राखेत पाणी वा बर्फ मिसळल्यास अवरक्त संकेत झाकला जातो. निसार त्याच जागी १२ दिवसांनी परततो, तर स्फोटक उद्रेक काही तासांत घडतो. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या एर्टा आले ज्वालामुखीच्या उद्रेकावेळी शिलारस हायली गुब्बीच्या दिशेने सरकल्याचे रडारने दाखवले होते. परंतु त्यावरून उद्रेकाचा दिवस सांगता आला नाही. उपग्रह राखेचा मार्ग वेळेवर दाखवतात, मात्र पूर्वसूचनेसाठी ज्वालामुखीजवळील भूकंपमापक व वायुमापक यंत्रांची जोड आवश्यक ठरते. त्यामुळे भारतीय आकाशाची सुरक्षितता काही अंशी परदेशांतील जमिनीवरच्या यंत्रणांवरही अवलंबून आहे.