शिंपल्याची वीण आणि उसवायचं धाडस



यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी आईकडून क्रोशाची शिंपल्याची वीण शिकले. बाळाच्या टोपऱ्याला, ताटावरच्या रुमालाला शिंपल्यांसारखी गोलसर झालर असते ना, तीच ही नक्षी. माझं म्हणणं असं आहे की ही वीण आपल्या कार्यानुभवाच्या तासाला यायला हवी. आणि ती शोभेची वस्तू हवी म्हणून नाही, तर चूक कशी शोधायची हे मुलांना कळावं म्हणून.

आधी वीण समजून घेऊ. 4 शिंपल्यांसाठी 26 साखळ्या घालायच्या. सुईपासून दुसऱ्या साखळीत एक मुका खांब. मग 2 साखळ्या सोडून तिसरीत एकाच जागी 5 खांब, पुन्हा 2 सोडून पुढच्या साखळीत मुका खांब. झाला एक शिंपला! एका शिंपल्याला 6 साखळ्या लागतात. म्हणजे 4 गुणिले 6 बरोबर 24, आणि सुरुवातीच्या 2. मग 7 शिंपल्यांना किती? हा प्रश्न चौथीच्या वर्गात विचारून बघा. सहाचा पाढा मुलांच्या हातात येतो.

दुसऱ्या ओळीत खरी गंमत आहे. पहिल्या ओळीतल्या शिंपल्याच्या मधल्या खांबावर मुका खांब येतो आणि मुक्या खांबावर शिंपला. त्यामुळे दोन्ही कडांना अर्धा अर्धा शिंपला करावा लागतो. मध्ये 3 पूर्ण आणि कडेचे 2 अर्धे, मिळून पुन्हा 4.

मी नेमकी इथेच चुकले. डाव्या कडेचा अर्धा शिंपला राहून गेला आणि मला पत्ताच नाही. सहाव्या ओळीला कड आत गेलेली दिसली, तेव्हा तिथेच दोन खांब जास्त घालून बघितले. तर ते फुगून वर आलं! आईने बघितलं आणि म्हणाली, "अगं, चूक इथे नाहीये. खाली दुसऱ्या ओळीत आहे. तिथपर्यंत उसव." चार ओळी उसवताना जिवावर आलं होतं. पण दोरा ओढला की टाके सरसर सुटत गेले आणि तोच दोरा पुन्हा विणायला मिळाला. वाया गेलं ते फक्त अर्ध्या तासाचं काम.

तेव्हा मला माझा वर्ग आठवला. 503 वजा 178. मुलाने उत्तर लिहिलं 335. मी लाल पेनाने फुली मारली, शेजारी 325 लिहिलं आणि पुढची वही घेतली. मुलाने काय केलं? 335 खोडून 325 लिहिलं. म्हणजे मी सहाव्या ओळीत दोन खांब घातले तसंच झालं की! खरी चूक हातच्यात होती. एककासाठी दशकातून एक घेतला, पण दशकात 10 चे 9 केलेच नाहीत. चूक दिसते एका जागी, होते दुसऱ्याच जागी. फुली फक्त दिसणारी जागा सांगते.

आता मी फुली मारण्याआधी विचारते, "कुठपर्यंत उसवायचं?" मूल स्वतः मागे जातं आणि चूक सापडली की हसतं. वेळ जास्त लागतो, हे खरंय. सगळ्या वह्या रोज अशा तपासता येत नाहीत, मलाही जमत नाही. पण दिवसाला तीन-चार मुलांपाशी तरी बसता येतं.

गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. आपण मात्र कार्यानुभवाचा तास गणिताला देतो आणि वस्तू 'घरून करून आणा' म्हणतो. मग ती कोण करतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

पालकांना एकच विनंती. मुलाची वस्तू तुम्ही करून देऊ नका. वाकडी झाली तरी चालेल. आणि हो, मुलग्यांच्या हातातही सुई द्या. क्रोशाच्या सुईला टोक नसतं, आकडा असतो. जाड लोकर, जाड सुई आणि पहिले काही दिवस फक्त साखळी. शिंपला नंतर.

शिक्षकांनो, वर्गात मुलांसमोर एकदा तरी स्वतः चुका आणि स्वतःच उसवा. बाईंनाही उसवावं लागतं, हे त्यांना दिसलं की वही लपवणारे हात आपोआप पुढे येतील.