आधी कार्यक्रम, मग इमारत



आधुनिक कलेचं संग्रहालय मुंबई-पुण्याला शोभतं, भोर-वेल्ह्याला ते हवंच कशाला, हे आपल्या पत्रलेखकाचं मत पटत नाही. भोरसारखंच छोटं संस्थान असलेल्या औंधात तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये संग्रहालय उभारलं. यमाई देवीच्या डोंगरावरच्या त्या वास्तूत रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’ हे शिल्पही आहे. मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं १९९६ मध्ये! गावाला हे झेपत नाही, हा मुद्दा इथेच निकालात निघतो.

‘लोकांना त्यातलं काय कळणार?’ या प्रश्नात तथ्य आहे, पण दोष लोकांचा नाही. मूरच्या शिल्पात रेखीव नाक-डोळे शोधणाऱ्याला कोणी चार शब्द सांगितलेच नाहीत, तर तो पुढच्या दालनाकडे वळणारच. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने नूतनीकरणानंतर समकालीन कलेच्या प्रदर्शनांना मुलांच्या कार्यशाळांची आणि मराठीतून माहिती देण्याची जोड दिली, ती याचसाठी.

राहिला खर्च. भाटघर धरण उशाशी असून उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्यांनी ‘आधी पाणी’ म्हटलं तर त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. म्हणूनच तूर्त नवी इमारत नकोच. (भूमिपूजनाची हौस असलेल्यांची निराशा होईल, त्याला इलाज नाही.) आधी राजगड किल्ल्याखालच्या शाळांत चित्रांच्या प्रतिकृती फिरवाव्यात, चित्रकला शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं आणि बांबूकाम करणाऱ्या कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. एवढ्याला शाळेचा एक वर्ग पुरतो.

– एक वाचक, भोर