पंखा जुना, प्रोसेसर नवा

सोलापुरात गिऱ्हाइकाला ‘कूलर बदलावा लागेल’ म्हटलं, की ते आधी खिडकीतल्या कूलरकडे बघतं. त्याचं सोडा, आपणही प्रोसेसरवरच्या कूलरचा विचार बिल करून झाल्यावरच करतो.

इंटेलचा आय-५ १२४०० काढून आय-७ १४७०० बसवायचं काम घ्या. सॉकेट तेच, बायोस अपडेट केलं की बोर्डही बहुधा चालतो, आणि मूळ वॉटेज दोन्हींचं ६५. मग जुना पंखा तसाच चढवला जातो. पण पूर्ण जोर लागला की पहिला ११७ वॉटपर्यंत जातो, दुसरा २१९. बोर्ड स्वस्तातला असेल, तर प्रोसेसरला वीज पुरवणारे त्याचे भागही तापतात, आणि त्यांच्यावर बऱ्याचदा हीटसिंकही नसतो.

कूलरच्या चाचण्या बहुतेक वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. कूलर हवा गार करत नाही, आतली उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो, एवढंच. चाचणीत २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८० वर थांबला असेल, तर मे महिन्यात ४२ अंशांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढोबळ हिशेबाने तो १०० वर पोचतो. १४७००ची मर्यादा नेमकी तीच. प्रोसेसर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो. गिऱ्हाईक म्हणतं, नवा जुन्यापेक्षा मंद चालतोय; आपण विंडोज पुन्हा टाकतो. पाण्याचा कूलर विकूनही हे गणित चुकत नाही, कारण ती उष्णताही शेवटी त्याच हवेत जाते.

शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुखणं आणखी वेगळं. यंत्रमागाशेजारी जकार्डची नक्षी तयार करणाऱ्या संगणकात सुताचे तंतू शिरतात आणि हीटसिंकच्या फटींत त्यांचा थर बसतो. टॉवेल पांघरलेला प्रोसेसर कितीही चांगल्या पेस्टने गार होणार नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा आणि थर फुंकून आत ढकलू नका, बाहेर काढा.

आमच्या मते, अशा ठिकाणी चार नळ्यांचा साधा टॉवर कूलर, पुढून हवा घेणारा आणि मागून टाकणारा असे दोन पंखे, आणि बायोसमध्ये वॉटची मर्यादा बांधून देणं पुरेसं आहे. थोडा वेग जातो, पण दुपारी दोन वाजताही काम सुरू राहतं. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नका. बोर्डाला ओल सोसत नाही.

येत्या उन्हाळ्यात अपग्रेड करून देताना अर्धा तास पूर्ण भार टाकून बघा, आणि बिलावर दोन आकडे लिहा: खोलीचं तापमान आणि प्रोसेसरचं तापमान.