छत डोक्यावर आलं की...

फ्लॅटचा ईएमआय झेपत नाही म्हणून चार चाकांवरचं घर घेणारी एक जमात आपल्या आजूबाजूला हळूहळू वाढतेय. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, सीट्स उपटायच्या, आत बेड, सिंक आणि चिमुकला फ्रिज बसवायचा आणि शुक्रवारी ऑफिसमधून थेट हायवे! महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. तेव्हापासून तर 'आपणही एक गाडी भाड्याने देऊया की' हा किडा अनेकांच्या डोक्यात वळवळतो. (गाडीत एवढा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते बरं का. ती घ्या आणि मगच स्वप्नं बघा.) फोटोंमध्ये फेअरी लाइट्स दिसतात, पडदे दिसतात, खिडकीबाहेरचा डोंगर दिसतो. छताकडे मात्र कोणी बघत नाही. ते स्वतःहून खाली येईपर्यंत.

माझ्या एका मैत्रिणीने आणि तिच्या भावाने अशीच गाडी तयार करून घेतली. दोघांची तीन वर्षांची बचत त्यात गेली. एप्रिलमध्ये ट्रायल म्हणून आम्ही नागपूरहून उमरेडमार्गे गिरडला निघालो. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव टेकडीवरच्या शेख ख्वाजा फरीद बाबांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध. टेकडीवर जिकडेतिकडे गोटे विखुरलेले. जाणकार त्यांना झिओलाइट म्हणतात. लोकांची गोष्ट जास्त भारी आहे: व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले.

आम्ही टेकडी उतरलो तेव्हा आमच्याही मालाचं काहीतरी झालं होतं. उन्हात उभ्या गाडीच्या छताचं क्रीम कापड मधोमध सुटून वरच्या बर्थवर पोटासारखं लोंबत होतं. पंधरा दिवसांनी पहिलं बुकिंग होतं, एक जोडपं आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. वरचा बर्थ मुलीसाठीच हवा होता.

भावाने किराणा दुकानातून टाचण्या आणल्या आणि कापड टोचून वर बसवलं. आरशातून मागचं दिसण्यापुरतं काम झालं, गाडी चालवता आली. पण टाचणी ही फक्त घरी पोचण्यापुरती. झोपलेल्या मुलाच्या तोंडावर ती रात्री सुटून पडली तर? त्यामुळे परतताना गाडी थेट हिंगणघाटला एका कुशनवाल्या चाचांकडे.

चाचांनी कापडाचा कोपरा ओढला, बोटाला लागलेली पिवळट भुकटी दाखवली आणि म्हणाले, "ताई, कापडाले काही झालं नाही जी. आतला फोम मेला."

सगळा फंडा या एका वाक्यात आहे. रूफ लायनिंगचं कापड थेट छताला चिकटवलेलं नसतं. कापडाच्या पाठीला पातळ फोम असतो आणि तो फोम खालच्या बोर्डाला किंवा प्लायला चिकटवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि वरचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. उष्णता आणि ओल मिळून फोमचा वर्षानुवर्षं भुगा करतात. मग नवा गम मारा, स्प्रे मारा, इंजेक्शनने आत सोडा, तो चिकटणार कशाला? भुकटीला! आठवड्याभरात पोट पुन्हा खाली. आमची गाडी नवी सजवलेली असली तरी लायनिंग मूळ जुन्या गाडीचंच ठेवलेलं होतं, हे चाचांनी शिलाईवरून ओळखलं.

पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट बघितली, जी बहुतेक जण विसरतात. छतावरच्या व्हेंटभोवती हात फिरवला. तिथे तपकिरी डाग किंवा ओल असेल तर आधी गळती बंद करायची, जागा पूर्ण सुकू द्यायची, मगच कापडाला हात लावायचा. ओल्या प्लायवर नवं कापड म्हणजे आत बुरशीची शेती. आमचं व्हेंट सुदैवाने कोरडं निघालं.

मग काम सुरू. लाइट, पडद्याचे रॉड, कडेच्या पट्ट्या काढल्या. कापड सोलून काढलं, ते अलगद निघालं. खरी मेहनत पुढे होती. बोर्डाला चिकटलेला फोमचा प्रत्येक कण ब्रशने घासून काढायचा, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर मास्क बांधून. अर्धा दिवस यातच गेला. घाई इथेच होते आणि पैसेही इथेच वाया जातात.

आणि हो, गॅस! सोल्युशनची वाफ पेट घेते. चाचांनी पहिल्यांदा सिलिंडर खाली उतरवायला लावला, बॅटरीची वायर काढली आणि सगळी दारं उघडी ठेवली. जिथे स्वयंपाकघर आणि बेडरूम एकाच डब्यात आहेत, तिथे हा मुद्दा वाटाघाटीचा नाही.

नवं कापड त्यांनी फोमशिवायचं घेतलं, ताणलं जाणारं, कार्पेटसारखं. विदर्भातल्या उन्हात फोम नकोच, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. फोमचा गुबगुबीत लूक जातो खरा, पण पुन्हा मरायला आत काही उरत नाही. उष्णता सोसणारं रबरी सोल्युशन बोर्डाला लावलं आणि कापडाच्या पाठीलाही. मग चक्क थांबायचं. बोटाला लागत नाही पण चिकट वाटतं, एवढं सुकलं की दोघांनी कापड धरायचं, मधल्या रेषेपासून सुरुवात करायची आणि तळहाताने कडांकडे सपाट करत जायचं. हे सोल्युशन दुसरा चान्स देत नाही. एकदा टेकलं की टेकलं. म्हणून एका वेळी सगळं नाही, हातभर भाग घेत पुढे सरकायचं. कडेला दोन इंच जास्त कापड सोडायचं, ते पट्टीखाली दाबायचं. लाइटची भोकं सगळ्यात शेवटी, आडवा-उभा छेद देऊन.

कापड फार महाग नाही, मजुरीच जास्त. तीही घासण्याची. कोणी "एक तासात करून देतो" म्हणालं तर तो घासणार नाही, एवढं समजून घ्या.

वास दोन दिवस राहिला, तोवर गाडीत कोणी झोपलं नाही. बुकिंग वेळेवर गेलं. त्या मुलीने वरच्या बर्थवर झोपून छताला पाय लावून बघितले म्हणे.