मराठी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांच्या सेवेशी

ज्यांच्या घरी वयात आलेला मुलगा वा मुलगी आहे, आणि ज्यांच्या मनात त्या अपत्याच्या विवाहाचे व संसाराचे मनोरथ अद्याप शाबूत आहेत, अशा सर्व आईबापांस, तसेच आजी-आजोबा, मामा, आत्या, काकू या आप्तमंडळींस ही विनंती आहे. कारण आपले अपत्य समलिंगी, उभयलिंगी वा पारलिंगी असल्याचे ज्या दिवशी कानावर येते, त्या दिवशी घरात जे बोलले जाते ते त्या अपत्याच्या आयुष्यात किती वर्षे घुमत राहते, याची बहुतेकांस कल्पना नसते.

कायद्याचा प्रश्न पुष्कळ अंशी निकालात निघाला आहे. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खासगी संबंधांपुरते रद्दबातल ठरविले, आणि न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात नमूद केले, की इतिहासाने या व्यक्तींची, आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही, क्षमा मागणे लागते. कुटुंबीयांचा हा उल्लेख उचितच होता. याच कलमाविरुद्ध गेलेल्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालास आव्हान मिळाले, तेव्हा अशा मुलांचे काही आईबाप स्वतः सर्वोच्च न्यायालयात अर्ज घेऊन उभे राहिले होते. परंतु न्यायालयाचा हुकूम माजघरापर्यंत पोहोचत नाही. तेथील अंमल आपला आहे.

सॅन फ्रान्सिस्को येथील केटलिन रायन या संशोधिकेने सहकाऱ्यांसह २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की किशोरवयात घरच्यांनी ज्यांना तीव्रपणे झिडकारले होते, त्या तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असण्याची शक्यता, ज्यांच्या वाट्याला असे झिडकारणे फारसे आले नव्हते त्यांच्यापेक्षा, आठ पटींहून अधिक होती. तो अभ्यास अमेरिकेतील २२४ तरुणांचा, आणि आपल्या घरांची घडण निराळी, हे कबूल. तथापि जेथे शिक्षण, नोकरी, सोयरीक आणि आजारपण या सर्वांत मनुष्य घरच्यांवरच विसंबून असतो, तेथे घरच्या शब्दाचे वजन कमी कसे असेल? विशेष असे, की झिडकारणारे ते पालक बहुधा दुष्ट नव्हते. लोक काय म्हणतील, पोराचे पुढे कसे होईल, या धास्तीनेच त्यांनी मित्र तोडले, टोमणे मारले, समारंभांतून मुलास मागे ठेवले.

तेव्हा पहिली विनंती ही, की मुलास ‘बरे’ करण्याची तजवीज करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली आहे, आणि असे ‘उपचार’ करणे हे डॉक्टराचे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळविले आहे. मग देवऋषी आणि अंगारे-धुपारे यांविषयी काय बोलावे! दुसरी विनंती याहून निकडीची. लग्न लावून दिले म्हणजे सारे सुरळीत होईल, या समजुतीपायी आपल्या मुलाबरोबर एका परक्या, निरपराध मुलीचाही संसार आपण गहाण टाकतो, आणि तिच्या आईबापांस त्याची वार्ताही नसते.

२०१५ साली मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी आपल्या मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली. जातीची अट नाही, तरी अय्यर असल्यास बरे, असेही तीत होते! त्या पुस्तीवर टीका झाली, ती अस्थानी नव्हती. पण चारचौघांच्या मुलांप्रमाणेच या मुलाचेही स्थळ पाहावे, हे त्या माउलीस सहज सुचले, याचे मोल मला अधिक वाटते. एवढे धारिष्ट प्रत्येकास साधेल असे नाही, आणि सारे समजून घेतल्यावरच मुलास जवळ करीन असे म्हणण्याचेही कारण नाही; समजण्यास वर्षे लागोत, ताट मात्र त्याच रात्री वाढावे. मुंबईत अशा मुलांच्या पालकांनीच चालविलेला ‘स्वीकार’ हा गट आहे; ज्यांना कोणाशी बोलावे हे सुचत नाही त्यांनी तेथे जावे.

आप्तांस एक निराळे सांगणे. पुष्कळदा मूल आईबापांच्या आधी मावशीस वा मामास सांगते. ती ठेव आहे. मुलाच्या परवानगीवाचून ती पुढे पोहोचवू नये, आणि ते आईबापांस सांगावयास तयार झाले, तर त्या वेळी त्याच्या शेजारी बसावे. त्याच्या बोलण्यात जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर मात्र गुपिताचा मुलाहिजा न ठेवता त्यास एकटे सोडू नये व १४४१६ या शासकीय क्रमांकावर तात्काळ दूरध्वनी करावा. तेथे रात्रंदिवस विनामूल्य मदत मिळते.