कोऱ्या तारीखपट्टीची शिक्षा

'ब' वर्गातल्या एका तालुका वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंचे पत्र आले आहे. बाळाजी प्रभाकर मोडकांची 1728 ते 1889 या काळाची जंत्री तपासणीत निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांच्या, यादीत गेली. कारण काय, तर तारीखपट्टी कोरी. शेरा, 'वाचक मागणी शून्य'.

अहो, संदर्भग्रंथ घरी दिलाच जात नाही, तर तारीखपट्टीवर शिक्का पडणार कसा? त्याच वाचनालयात एक निवृत्त गुरुजी दर शनिवारी मोडी कागद घेऊन बसतात आणि या जंत्रीवरून हिजरी तारखेची इंग्रजी तारीख लावतात. पानांचे कोपरे बोटांनी काळे पडले आहेत. तपासणीला आलेल्या साहेबांनी पुस्तक उघडले असते तर ते दिसले असते. त्यांनी फक्त रकाना पाहिला.

मोडक (1847–1906) कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवत. मराठीत शास्त्रीय परिभाषा रुळायची होती, तेव्हा त्यांनी रसायन आणि पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तके लिहिली. दक्षिणेतल्या मुसलमानी राज्यांचा इतिहास लिहिला, कोल्हापूर व कर्नाटक प्रांतांतल्या संस्थानांचाही लिहिला. आणि वर ही किचकट जंत्री तयार केली. एवढा मोठा आवाका असूनही आज त्यांचे नाव किती वाचकांना माहीत आहे?

यात आपलाही दोष आहे. 530, 540, 954, 529 अशा दशांश वर्गांकांमुळे त्यांचे ग्रंथ चार कपाटांत विखुरतात. वर्गीकरण म्हणून ते बरोबरच. पण लेखक तालिकेने त्यांना एकत्र आणायचे, तर तिथे 'मोडक बा. प्र.', 'बाळाजी प्रभाकर', 'प्रो. मोडक' आणि शीर्षकपान फाटले असेल तर 'अज्ञात'! नोंदी जशाच्या तशा संगणकात चढवल्या, की एका माणसाचे चार लेखक होतात. मग मागणी येणार कुठून?

ग्रंथपालहो, परिपत्रकाची वाट पाहू नका. या महिन्यात आपल्या संग्रहातल्या मोडकांच्या नोंदी एका शीर्षाखाली आणा. जागेवर वाचलेल्या पुस्तकांची वही आजपासून ठेवा आणि पुढच्या तपासणीत तीच समोर धरा. स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, तेव्हा जीर्ण प्रत आधी स्कॅन करून घ्या. आणि कार्यकारिणीला आमची कळकळीची विनंती: निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी त्यातले एकेक पुस्तक टेबलावर मागवा आणि उघडून पाहा. बाद झालेली प्रत अनुदानातून परत विकत मिळणार नाही.