खंडणीला कर्ज म्हणू नका

“घेतलं असेल तर फेडलंच पाहिजे.” गरीब देशांच्या कर्जाचा विषय निघाला की आपल्यातलेच शिकलेले लोक हे वाक्य टाकून मोकळे होतात. पदवीच्या वर्गात मीही हेच म्हणायचो. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्येही तोच सूर असतो: या देशांनी ऐपतीबाहेर कर्जं काढली, पुढाऱ्यांनी खाल्ली, मग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला शिस्त लावावी लागली.

हे वाक्य आपल्याला इतकं पटतं, कारण ते आपल्या घरातलं आहे. किराणा दुकानाच्या वहीत नाव राहू नये म्हणून माझी आई आधी तिथली बाकी चुकवायची, मग बाजाराला जायची. आज आपल्यातले कितीतरी जण पहिल्या पगारातून शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरतात. या अब्रूची मला टिंगल करायची नाही. माझं म्हणणं एवढंच की याच अब्रूचा फायदा घेऊन जगात एक मोठी लबाडी चालते. जे मुळात कर्जच नव्हतं, तेही कर्ज म्हणून गळ्यात मारलं जातं. म्हणून एका देशाचा हिशेब मांडतो. तो देश म्हणजे हैती.

अठराव्या शतकात या देशाचं नाव सां-दोमँग होतं. साखर आणि कॉफीच्या जोरावर ती फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत बनली होती. ती साखर पिकवायला आफ्रिकेतून पकडून आणलेले आणि तिथेच जन्मलेले सुमारे पाच लाख गुलाम होते. १७९१ मध्ये ते उठले. तूसाँ लूव्हर्त्यूर त्यांचा सेनानी झाला. नेपोलियनने फौज पाठवली, तूसाँला कैद करून फ्रान्सला नेलं आणि १८०३ मध्ये तो तिथल्या तुरुंगात मेला. तरी फ्रेंच फौज हरली. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी बंड करून स्वतःचं राष्ट्र उभं केलं, अशी इतिहासातली ही एकमेव घटना.

आता कर्ज कसं आलं ते बघा. जुलै १८२५ मध्ये फ्रान्सच्या लढाऊ जहाजांचा ताफा हैतीच्या किनाऱ्याला लागला. सोबत राजा दहावा चार्ल्स याचा हुकूम होता. आमच्या मळेवाल्यांचं जे नुकसान झालं त्याची भरपाई म्हणून पाच हप्त्यांत १५ कोटी फ्रँक द्या आणि फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्या. मग तुमचं स्वातंत्र्य मान्य करू. नुकसान कसलं? गेलेल्या जमिनी आणि गेलेले गुलाम. म्हणजे ज्यांना जनावरासारखं विकत घेतलं होतं, त्यांनी आपल्याच शरीराची किंमत मालकाला भरायची. याच फ्रान्सने १८०३ मध्ये लुईझियानाचा अफाट प्रदेश अमेरिकेला सुमारे ८ कोटी फ्रँकला विकला होता. त्याच्यापुढे हैती म्हणजे एक तुकडा, पण किंमत जवळपास दुप्पट.

तोफांपुढे राष्ट्राध्यक्ष ब्वाये यांनी सही केली. पहिला हप्ता ३ कोटींचा, तिजोरीत तेवढे पैसे नव्हते. मग पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचं कर्ज काढायला लावलं. त्यातले ६० लाख त्यांनी आधीच कापून घेतले आणि हैतीच्या नावावर पडले २ कोटी ४० लाख. व्याज मात्र पूर्ण ३ कोटींवर. कागदावर एक रक्कम, हातात दुसरी, ही पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवायची गरज नव्हती. एकीकडे खंडणी, दुसरीकडे खंडणी भरायला काढलेलं कर्ज. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण जुनं फेडायला नवं काढण्याचा फेरा सुटला नाही.

पुढे फ्रेंच सावकाराच्या जागी अमेरिकी बँक आली. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतलं ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेने देशच ताब्यात ठेवला आणि रस्ते बांधायला शेतकऱ्यांना वेठीला धरलं. तिजोरीवरचा त्यांचा ताबा तर १९४७ पर्यंत राहिला. खंडणीतून निघालेल्या कर्जांचा शेवटही तेव्हाच झाला. सव्वाशे वर्षं कॉफीच्या जकातीतला पैसा शाळेत, दवाखान्यात, रस्त्यात न जाता बाहेर गेला. आणि आज आपल्या पुस्तकात काय लिहिलेलं असतं? हैती हा पश्चिम गोलार्धातला सर्वात गरीब देश. का गरीब, ते त्या ओळीत नसतं.

तुम्ही म्हणाल, ते राजेशाहीचं युग होतं. मग लोकशाहीवाल्या इंग्लंडकडे बघू. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द केली आणि २ कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना. गुलामांना छदामही नाही, उलट १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे फुकट राबवलं. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारने पूर्ण फेडलं २०१५ मध्ये. म्हणजे कॅरिबियन बेटांवरून इंग्लंडला येऊन नर्स, ड्रायव्हर म्हणून राबलेल्या गुलामांच्या वंशजांनीही आपल्या करातून ते फेडलं.

हा प्रकार आपल्याला परका वाटायचं कारण नाही. महार वतन आठवा. गावाची वेठ करायची आणि बदल्यात तुटपुंज्या जमिनीवर जगायचं. त्या जोखडातून लोकांना सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. वतन शेवटी रद्द झालं ते १९५८ च्या कायद्याने. पण जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि पिढ्यानपिढ्या कसणाऱ्यालाच कब्जेहक्काची रक्कम भरून त्या परत घ्याव्या लागल्या. मुदतीत भरले नाहीत तर कब्जा बेकायदा. त्याच काळात देशभर जमीनदारी रद्द होत होती, तिथे जमीनदारांना भरपाई मिळाली. संस्थानिकांचे तनखे तर १९७१ पर्यंत चालू होते. ज्याने लुटलं त्याला भरपाई आणि जो राबला त्याला पावती, हा नियम पोर्ट-ओ-प्रिन्सपासून आपल्या गावापर्यंत एकच आहे.

आता नेहमीचे दोन आक्षेप घेतो.

पहिला आक्षेप: पुढाऱ्यांनी पैसे खाल्ले. खाल्ले, यात वाद नाही. हैतीवर १९५७ ते १९८६ दुव्हालिए बाप-लेकांची हुकूमशाही होती आणि त्यांनी लोकांच्या नावावर कर्जं काढून स्वतःची घरं भरली. पण हुकूमशहाला कर्ज देणारा आंधळा होता का? चोराला जाणूनबुजून पैसे दिले तर बुडण्याची जोखीम देणाऱ्याची. इथे मात्र चोर फ्रान्सला पळून गेला आणि वसुली त्याच्या राज्यात मार खाल्लेल्या जनतेकडून झाली. २००९ मध्ये हैतीचं सुमारे १२० कोटी डॉलरचं कर्ज माफ झालं तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या, जणू दान दिलं.

दुसरा आक्षेप: कर्ज माफ केलं तर शिस्त राहत नाही. मग १९५३ चा लंडन करार काढून वाचा. महायुद्ध लादलेल्या, लाखो ज्यूंना गॅस चेंबरमध्ये घातलेल्या जर्मनीचं जवळपास निम्मं परकीय कर्ज तिथे माफ झालं आणि उरलेले हप्ते निर्यातीतून झेपतील असे बांधून दिले. त्यावर जर्मनी उभा राहिला. आपल्या देशात कंपनी बुडाली की २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने बँका घसघशीत सूट देतात आणि त्याला ‘हेअरकट’ असं गोंडस नाव आहे. देशांसाठी असं न्यायालयच नाही. झांबियाने २०२० मध्ये हप्ता चुकवला, सगळ्या मोठ्या सावकारांशी तोडगा निघेपर्यंत २०२४ उजाडलं. म्हणजे शिस्तीचा नियम सगळ्यांना नाही. तो कोणाला लावायचा हे ठरवणारे वेगळे आहेत.

ते कोण? नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत. तिच्या मर्जीशिवाय पान हलत नाही. नाणेनिधीचा प्रमुख कायम युरोपचा, जागतिक बँकेचा कायम अमेरिकी नागरिक. ज्या गावात पंच एकाच आळीतले असतात, तिथे निवाडा कसा होतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि निवाड्याबरोबर अटी येतात. १९९० च्या दशकात मदतीच्या बदल्यात हैतीला तांदळावरची आयात जकात ३ टक्क्यांवर आणायला लावली. अनुदानावर पिकलेला अमेरिकी तांदूळ बाजारात ओतला गेला आणि हैतीचा भात उत्पादक शेतकरी मोडला. २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे ही आपली चूक होती असं कबूल केलं. माफी मागितली, शेतकरी काही परत उभा राहिला नाही. आपणही १९९१ मध्ये ४७ टन सोनं परदेशात गहाण टाकलं आणि नाणेनिधीचं कर्ज घेतलं. मंडल आयोगाची घोषणा ऑगस्ट १९९० ची. ओबीसींसाठी नोकरीचं दार उघडण्याची भाषा झाली आणि वर्षाच्या आत निर्गुंतवणुकीची. पुढे सरकारी उपक्रमांतल्या नोकऱ्या आटत गेल्या, खासगी क्षेत्रात आरक्षण आलं नाही. अट वर ठरते, झळ खाली बसते.

२००३ मध्ये हैतीचे राष्ट्राध्यक्ष आरिस्टिड यांनी फ्रान्सकडे उलटा हिशेब मागितला: सुमारे २१ अब्ज ६८ कोटी डॉलर परत द्या. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि नंतर आलेल्या सरकारने मागणी सोडून दिली. खंडणीला २०० वर्षं झाली तेव्हा, एप्रिल २०२५ मध्ये, फ्रान्सने इतिहासकारांची समिती जाहीर केली. समिती म्हणजे काय, हे आपल्याइतकं कोणाला कळतं?

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. दूरच्या गुलामाचं दुःख आणि इथल्या शूद्रातिशूद्राचं दुःख यांचा धागा एकच आहे हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, कारण चलनाचा भार शेवटी कोणावर पडतो हे त्यांना तपासायचं होतं. अर्थशास्त्र आपलं नाही, असं म्हणायची सोय त्यांनी आपल्याला ठेवलेली नाही.

आपण पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेले लोक आहोत. उद्या कोणी बँकेत बसेल, कोणी मंत्रालयात, कोणी वर्गात शिकवेल. कर्जाची फाईल समोर आली की चार प्रश्न विचारा: कोणी घेतलं, कोणाच्या हातात पडलं, अट कोणी घातली, फेडतंय कोण? चारही उत्तरं वेगवेगळी आली तर त्याला कर्ज म्हणू नका. हातउसनं घेतलं असेल तर आईसारखं पै-पै फेडू. पण ज्यांनी साखळ्या तोडल्या, त्यांच्याकडून साखळीची किंमत मागणाऱ्यांचं आपण काहीच लागत नाही.